आधी योजना ठरवा, मग प्रशिक्षण

वाळूजच्या कंपनीत ठेकेदाराने ब्रेक दिला, चिकलठाण्यातला छोटा कारखाना बंद पडला, किंवा पदवी हातात येऊन दोन वर्षे झाली तरी कुठे चिकटता आले नाही, की माणूस स्वयंरोजगाराच्या सरकारी प्रशिक्षणाची चौकशी करू लागतो. त्याचा हिशोब सरळ असतो: प्रशिक्षण बेकारांसाठी आहे, मी बेकार आहे, म्हणजे मी पात्र आहे. हा हिशोब पहिल्याच टेबलावर अडतो. तिथे विचारतात ते वेगळेच. राहता कुठे, वय किती, दाखले कोणते आहेत, घरात कुणी याआधी योजनेचे कर्ज घेतले आहे का, धंदा कोणता आणि तो कुठल्या हद्दीत टाकणार? किती महिने घरी बसून आहात, याला अर्जात फारसे वजन नसते. म्हणून छत्रपती संभाजीनगरात आज काम नसलेल्या माणसाला माझे सांगणे असे की, प्रशिक्षणाचा अर्ज शेवटाकडून भरायला घ्या. आधी धंदा आणि त्याची जागा, मग त्याला लागू पडणारी कर्ज-अनुदानाची योजना, आणि सर्वात शेवटी त्या योजनेला चालेल असे प्रशिक्षण. बहुतेक जण हा क्रम उलटा धरतात. वर्तमानपत्रात शिबिराची बातमी दिसते, नाव नोंदवले जाते, प्रमाणपत्र मिळते, आणि मग कळते की जी योजना हवी होती तिच्यात आपण मुळात बसतच नव्हतो.

ही अडचण एखाद्या कार्यालयाच्या आडमुठेपणातून आलेली नाही, ती योजनांच्या घडणीतच आहे. ब्रिटनमध्ये 1983 साली देशभर लागू झालेल्या एंटरप्राइज अलाउन्स योजनेत किमान 13 आठवडे बेकार असणे ही अट होती. धंदा सुरू करणाऱ्याला आठवड्याला 40 पौंड मिळत, आणि त्यासाठी पदरचे हजार पौंड दाखवावे लागत. तिथे बेकारी हाच पात्रतेचा पाया होता. आपल्याकडेही 2 ऑक्टोबर 1993 रोजी सुरू झालेली पंतप्रधान रोजगार योजना ‘सुशिक्षित बेरोजगार’ या माणसाभोवती उभी होती. शिक्षणाची अट, वयाची अट, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आणि कर्ज हाती पडण्याआधी प्रशिक्षण, असा तिचा साचा होता. 2008 साली ही योजना आणि खादी आयोगाची ग्रामीण रोजगार योजना एकत्र करून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे सगळे ज्याला पीएमईजीपी म्हणतात तो, सुरू झाला आणि भर माणसावरून प्रकल्पावर गेला. यात उत्पन्नाची मर्यादा नाही. 18 वर्षांच्या पुढे वयाची वरची अटही नाही. उत्पादनात 10 लाखांच्या आणि सेवा व्यवसायात 5 लाखांच्या वरचा प्रकल्प असेल तरच आठवी पास असावे लागते. मात्र उद्योग नवा हवा, आधी कुठल्याही सरकारी योजनेतून अनुदान घेतलेला नको, आणि नवरा-बायको मिळून एकाच व्यक्तीला लाभ. थोडक्यात, सरकार आता तुमची बेकारी तपासत नाही, तुमचा प्रस्ताव तपासते. हे चांगले की वाईट, यावर वाद होऊ शकतो. माझ्या मते दोन-तीन वर्षे घरी बसलेल्या माणसाला ही रचना जड जाते, कारण प्रस्ताव मांडायची सवय नोकरी करून लागत नाही. पण अर्ज करायचा तर आहे त्या नियमांत करायचा आहे.

याला एक अपवाद आहे, आणि तो नेमका कारखान्यातून सुटलेल्या कामगाराच्या कामाचा आहे. तुमच्या पगारपत्रकात ‘ईएसआय’ या नावाने पगाराच्या 0.75 टक्के कपात होत असेल, तर तुम्ही कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे विमेदार आहात. 2005 पासूनच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कारखाना बंद पडल्यामुळे किंवा कायदेशीर कपातीमुळे नोकरी गेली आणि आधीची किमान दोन वर्षांची वर्गणी भरलेली असेल, तर बेकारी भत्ता मिळतो आणि नवे कौशल्य शिकण्याचा खर्चही महामंडळ उचलते. इथे बेकार होणे हीच पात्रता. गोम अशी की ठेकेदाराकडच्या कामगाराला कपातीची नोटीस बहुधा मिळतच नाही. त्याला तोंडी सांगितले जाते, आणि तोंडी सांगण्याला कागद नसतो. त्याच्यासाठी 2018 ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना जास्त जवळची. तिच्यात आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त 90 दिवसांपर्यंत, सरासरी मजुरीचा काही हिस्सा मिळतो. मूळ दर 25 टक्के होता, कोरोनाकाळात तो 50 टक्के झाला. सवलतींची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, म्हणून सध्याचा दर आणि अटी महामंडळाच्या शाखेत विचारूनच धरा. गैरवर्तनामुळे काढलेल्याला आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला हा लाभ नाही. रक्कम मोठी नसते, पण महिन्याभराच्या निवासी प्रशिक्षणाला जायचे तर घरी किराणा कुठून भरायचा, या प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर तिच्यात आहे. निवासी प्रशिक्षण अर्धवट सोडण्यामागे हाच प्रश्न असतो, म्हणून शिकायला जाण्याआधी हा दावा लावून ठेवा.

आता पत्त्याकडे येऊ, कारण या शहरात पात्रतेचा सगळ्यात मोठा फरक पत्ता करतो आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जाते. वाळूज, बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी या कामगारवस्त्या दिसायला शहरच आहेत. चार मजली इमारती आहेत, रस्त्यावर रात्री अकरापर्यंत गर्दी असते. पण त्यांतला मोठा भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या कारभारात आहे. मुकुंदवाडी किंवा सिडको मात्र महापालिकेत. सातारा-देवळाई कधी पंचायत होती, ती आता महापालिकेत आहे. पीएमईजीपीमध्ये अनुदान ठरते ते तुमच्या घराच्या पत्त्यावर नव्हे, उद्योगाच्या जागेवर. खुल्या गटातल्या पुरुषाला शहरी भागात प्रकल्पखर्चाच्या 15 टक्के आणि ग्रामीण भागात 25 टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक यांना शहरात 25 आणि ग्रामीण भागात 35 टक्के. उदाहरण घ्या. सीएनसी मशीनवर काम केलेला एक जण 10 लाखांचे छोटे जॉबवर्कचे युनिट टाकणार आहे. तो खुल्या गटातला असेल आणि गाळा महापालिकेच्या हद्दीत घेतला तर अनुदान दीड लाख. तोच गाळा ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर अडीच लाख. दोन्हीकडे पदरचे एक लाख घालावे लागतील, कारण खुल्या गटाची स्वगुंतवणूक 10 टक्के आहे. प्रकल्प त्याच्या पत्नीचा असेल, आणि ती तो खरोखर चालवणार असेल, तर ग्रामीण हद्दीत साडेतीन लाख अनुदान आणि स्वगुंतवणूक फक्त 50 हजार. ‘खरोखर’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. बायकोच्या नावावर फाईल टाकून देणारे सल्लागार गल्लोगल्ली आहेत. पण अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकून राहते, प्रत्यक्ष पाहणी होते, आणि मशीनपुढे उभी राहिलेली बाई मशीनबद्दल काहीच सांगू शकली नाही तर फाईल अडकते. गाळा भाड्याने घेण्याआधी त्या जागेचा ग्रामीण क्षेत्राचा दाखला मिळेल का, हे ग्रामसेवकाला विचारा. भाडेकरार झाल्यावर विचारून उपयोग नाही. या कार्यक्रमाची मंजुरी 2025-26 पर्यंतची होती, हेही ध्यानात ठेवा. अर्ज करताना चालू दर खादी ग्रामोद्योग आयोग किंवा जिल्हा उद्योग केंद्राकडून तपासून घ्या.

पत्त्याचा हाच फरक प्रशिक्षणातही आडवा येतो. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, या नावातच ग्रामीण आहेत. ही कल्पना 1982 साली कर्नाटकातल्या उजिरे इथे धर्मस्थळाच्या न्यासाने सिंडिकेट आणि कॅनरा बँकेच्या साथीने राबवली. पुढे केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने ती देशभर नेली आणि संस्था चालवायचे काम त्या त्या जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे आले. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक महाराष्ट्र बँक. प्रशिक्षण, राहणे आणि जेवण फुकट. अभ्यासक्रम शेळीपालनासारखा दहा दिवसांचा असतो, तसाच शिवणकाम, दुचाकी दुरुस्ती किंवा घरगुती वायरिंगसारखा महिनाभराचाही. वयाची अट वर्षानुवर्षे 18 ते 45 अशी राहिली आहे, जागांचा मोठा हिस्सा दारिद्र्यरेषेखालच्या ग्रामीण कुटुंबांसाठी असतो, आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा करणे हे संस्थेच्या कामातच धरलेले आहे. माझ्या मते हा पाठपुरावाच आरसेटीचा खरा लाभ आहे, आणि तोच लोक सोडून देतात. बँकेने चालवलेल्या संस्थेतला माणूस तुमच्या अर्जाबद्दल शाखेत विचारू शकतो, पण तुम्ही घरी गेल्यावर फोन उचलणेच बंद केले तर तो तरी काय करणार? आणखी एक गोष्ट. पीएमईजीपीमध्ये 2 लाखांवरच्या प्रकल्पाला उद्योजकता प्रशिक्षण सक्तीचे आहे, 5 लाखांपर्यंत पाच दिवसांचे आणि त्यावर दहा दिवसांचे. मान्यताप्राप्त संस्थेतून पुरेशा मुदतीचे प्रशिक्षण आधीच झाले असेल तर ते पुन्हा करावे लागत नाही. त्यामुळे आरसेटीचा कोर्स निवडताना तो तुमच्या प्रकल्पाच्याच विषयाचा निवडा. ब्युटी पार्लरचे प्रमाणपत्र आणि मसाल्याच्या कांडपाचा प्रकल्प अशी जोडी बँकेत शोभत नाही.

शहरात राहणाऱ्याला दुसरे दार आहे, आणि ते तर आपल्या गावातलेच. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, एमसीईडी, 1988 साली स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय इथेच, रेल्वे स्टेशनजवळच्या एमआयडीसीत आहे. राज्यभरचे उद्योजकता प्रशिक्षण इथून आखले जाते. पण तिथे जाऊन ‘तुमची पात्रता काय’ असे विचारणारा रिकाम्या हाताने परततो, कारण केंद्राची स्वतःची अशी एकच पात्रता नसते. बॅचचा खर्च कोण देते त्यावर ती ठरते. एखादी बॅच अनुसूचित जातींसाठी एखाद्या संस्थेने प्रायोजित केलेली, दुसरी मराठा-कुणबी उमेदवारांसाठी, तिसरी जिल्हा उद्योग केंद्राची, आणि काही बॅचेस पैसे भरूनच करायच्या. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: येत्या तीन महिन्यांत कोणाच्या प्रायोजनाच्या बॅचेस आहेत, आणि त्यांतल्या कुठल्यात मी बसतो? बार्टी, सारथी, महाज्योती, अमृत या वेगवेगळ्या समाजगटांसाठीच्या राज्य सरकारी संस्थांच्या जाहिरातीही याच नजरेने वाचाव्यात. प्रवर्ग, उत्पन्न आणि वय या तीन ओळी आधी वाचायच्या, विद्यावेतनाचा आकडा नंतर.

पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल सध्या सर्वात जास्त गैरसमज आहेत, कारण तिचे आमिष ठसठशीत आहे. 17 सप्टेंबर 2023 पासूनच्या या योजनेत पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत, आणि पुढे पहिल्या टप्प्यात 1 लाख व दुसऱ्या टप्प्यात 2 लाखांचे कर्ज 5 टक्के व्याजाने. पण ही योजना बेकाराला नवा धंदा शिकवण्यासाठी नाही. ठरावीक 18 पारंपरिक व्यवसायांपैकी एक जो हाताने आणि स्वतःच्या हिमतीवर आधीपासून करतो, त्याच्यासाठी ती आहे. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, न्हावी, परीट, चर्मकार या यादीत आहेत. हिमरू आणि पैठणीचा विणकर नाही. ज्या शहराची ओळख हिमरूवर सांगितली जाते तिथे हे चमत्कारिक वाटेल, पण यादी तशी आहे आणि विणकराने हातमागाच्या वेगळ्या योजनांकडेच वळायला हवे. जातीचा दाखला इथे लागत नाही, कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, आणि गेल्या पाच वर्षांत पीएमईजीपीचा लाभ घेतला असेल तर दार बंद. मुद्रा किंवा फेरीवाल्यांसाठीच्या स्वनिधी योजनेचे कर्ज चालू असेल तरी बंदच, ते पूर्ण फेडले असेल तर मात्र उघडे. क्रम का महत्त्वाचा, ते इथे नीट दिसते. गल्लीतल्या शिंप्याने कोणाच्या सांगण्यावरून 50 हजारांचे शिशु मुद्रा कर्ज काढले आणि त्याचे हप्ते चालू असतील, तर ते फिटेपर्यंत 5 टक्क्यांचे कर्ज आणि अवजारांची मदत त्याच्या हातून गेली. कुठलाही पहिला लाभ घेण्याआधी तो पुढचे कुठले दार लावतो, हे तपासा. घरातल्या प्रत्येकाने काय घेतले आहे, तेही लिहून ठेवा.

वयाबद्दल थोडक्यात. 2019 साली सुरू झालेल्या राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या मूळ नियमांत वय 18 ते 45 होते, आणि महिला व राखीव गटांना पाच वर्षांची सूट. म्हणजे त्या नियमांनुसार खुल्या गटातला 48 वर्षांचा, काम गेलेला सुपरवायझर या दारातून आत येऊ शकत नाही, पण पीएमईजीपीत येऊ शकतो. वय झाले म्हणून सगळेच संपले, असे समजून तो घरी बसतो. तसे नाही.

आता यावर घेतले जाणारे आक्षेप पाहू. पहिला: प्रशिक्षणाने काय होते, बँक कर्ज देतच नाही. यात तथ्य आहे. प्रमाणपत्र बँकेला बांधून ठेवत नाही, कर्ज द्यायचे की नाही हे शाखा ठरवते, आणि आधीचा मोबाइलचा हप्ता थकलेला असेल तर सिबिल अहवाल तिथेच फाईल संपवतो. तरी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तारण मागितले तर ते लेखी मागायला सांगा, आणि नाकारले तर कारण लेखी घ्या. प्रशिक्षणाचा उपयोग याच ठिकाणी होतो. प्रकल्प अहवाल तुम्ही स्वतः केला असेल, मशीनचे कोटेशन कुठून आणले आणि महिन्याला किती काम मिळणार हे तुम्हाला तोंडपाठ असेल, तर शाखेतले बोलणे वेगळ्या सुरात होते. एजंटाने करून दिलेल्या अहवालात तुमच्या धंद्याचे आकडे असतात, पण ते तुम्हाला माहीत नसतात. आणि एजंटाची गरजही नाही, कारण या अर्जांना शुल्क नाही आणि उद्यम नोंदणीही फुकट आहे.

दुसरा आक्षेप जुना आहे: धंदा रक्तात लागतो, शिकवून येत नाही. 1964 साली आंध्रातल्या काकिनाड्याच्या व्यापारी-उद्योजकांना हैदराबादच्या लघुउद्योग संस्थेत हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या पद्धतीने प्रशिक्षण दिले गेले. त्यानंतर या लोकांनी धंदा वाढवण्यात जास्त हालचाल केल्याचे आढळले, आणि देशातल्या उद्योजकता प्रशिक्षणाला तिथून बळ मिळाले. पण हा दाखला देताना एक गोष्ट लपवू नये. ते लोक आधीच धंद्यात होते, बेकार नव्हते. म्हणून प्रशिक्षणाने बेकार माणूस आपोआप उद्योजक होतो, असे मी म्हणणार नाही. धंद्याची तयारी असलेल्याचा हात ते मजबूत करते, आणि ज्याला धंदा करायचाच नाही त्याने विद्यावेतनासाठी बॅचमधली जागा अडवू नये.

तिसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे. ऑरिक सिटीत टोयोटा किर्लोस्कर येणार, बिडकीनला एथर येणार, मग आता धंद्याच्या मागे कशाला लागायचे? थोडे थांबले की नोकरी मिळेल. 2024 साली या मोठ्या गुंतवणुकींच्या घोषणा झाल्या, आणि त्यांतून कामे उभी राहतील हे खरेच. पण वाळूजच्या अनुभवाकडे पाहा. 1980 च्या दशकात बजाज ऑटो आली तेव्हा तिच्याभोवती सुटे भाग, पॅकिंग, वाहतूक, कॅन्टीन, दुरुस्ती अशा कामांची साखळी उभी राहिली. मोठी कंपनी येते तेव्हा नोकरी आणि धंदा दोन्हीला वाव असतो. मग ज्याला नोकरीच हवी आहे, त्याने स्वयंरोजगाराच्या बॅचला न जाता ग्रामीण युवकांसाठीच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेसारख्या, नोकरी मिळवून देण्याच्या उद्देशाने चालणाऱ्या कोर्सकडे जावे. राज्य सरकारच्या ‘महास्वयं’ या रोजगाराच्या संकेतस्थळावरची नोंदणी त्याच्या जास्त कामाची. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज केला तर निवड करणारा तुम्हाला नक्की काय हवे आहे ते विचारतोच.

निवडीची मुलाखत लहान असते, पण तिची तयारी कोणी करत नाही. कोणता माल, कुणाला विकणार, जागा कुठली, पदरचे किती आणि ते कुठून आणणार, एवढी चार उत्तरे एका वहीच्या पानावर आकड्यांसह लिहून न्या. कागदांत आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, रेशन कार्ड, बँक पासबुक, आणि प्रवर्गाचा लाभ घ्यायचा तर जातीचा दाखला. तीन कागदांवर नावाची तीन स्पेलिंग असतील तर आधी ती दुरुस्त करा. जिल्ह्याचे नाव 2023 साली बदलले. जुन्या दाखल्यांवर औरंगाबाद आहे, आणि संकेतस्थळांच्या यादीत कधी जुने नाव दिसते, कधी नवे. एक सापडले नाही तर दुसरे शोधा, आपला जिल्हाच यादीत नाही असे समजून परत फिरू नका. विवाहित महिलेचा जातीचा दाखला माहेरच्या नावाचा असतो आणि आधार बहुधा सासरच्या नावाचे. दोन्ही नावे जुळवणारा विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच काढून ठेवा, कारण बॅचची तारीख जाहीर झाल्यावर हा कागद चार दिवसांत हाती येत नाही.